मोजणीदार आणि बाबा

बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं महिनाभराच्या अंतरानं झाली, तेव्हा ते आमच्याकडे पिंपळे गुरवला राहायला आले. आई जाऊन काही वर्षं झाली होती. दिघीच्या घरात ते एकटेच राहत, स्वतःची भाजी-भाकरी स्वतः करत, आणि फोनवर कसं चाललंय विचारलं की 'सगळं व्यवस्थित' म्हणून फोन ठेवून देत. डोळ्यांत थेंब घालणं मात्र त्यांना स्वतःला जमेना. अर्धे गालावरून ओघळायचे. म्हणून आले.

वाचता येत नव्हतं याचा त्यांना सगळ्यात जास्त त्रास होता. पेपर आला की घडी उघडायचे, हातात धरून बसायचे आणि पुन्हा घडी घालून ठेवायचे. टीव्हीचा त्यांना कंटाळा. मी कॉलेजात मराठी शिकवते. त्या दिवसांत भोसरीतल्या एका वाचक मंडळानं मला एका कादंबरीवर बोलायला बोलावलं होतं, म्हणून ती मी पुन्हा वाचत होते, पेन्सिलीनं खुणा करत.

"काय वाचतेस?" त्यांनी विचारलं.

"कादंबरी आहे. भाषण द्यायचंय तिच्यावर."

"मग मोठ्यानं वाच की. तुझंही होईल, माझंही होईल."

लहानपणी त्यांनी मला कधी गोष्ट वाचून दाखवली नव्हती. पाळीवरून येत, जेवत, झोपत. त्यामुळे त्या संध्याकाळी गॅलरीत खुर्च्या टाकून मी वाचायला लागले तेव्हा मलाच अवघडल्यासारखं झालं होतं.

कादंबरीचं नाव इथं सांगत नाही. सांगितलं तरी ती कुठं मिळणार नाही. मला ती विद्यार्थी असताना रद्दीच्या दुकानात सापडली होती, कव्हर नसलेली. गोष्ट सांगणारा एक निवृत्त मोजणीदार आहे. तालुक्याच्या गावी राहतो, आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दीचे दगड रोवले. तो आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच घरात वाढले. पुढं घराच्या वाटण्या झाल्या आणि अंगणाच्या मधोमध भिंत उठली. भांडण कशावरून झालं हे तो सांगतच नाही. भांडण झालंच नाही म्हणतो, दोघांच्या संमतीनं ठरलं म्हणतो. भिंतीचा पाया किती खोल, वीट कुठल्या भट्टीची, गवंडी कोण, हे मात्र सगळं सांगतो. पुढं पुस्तकभर तो गावच्या गल्ल्या, ओढे, शिवारं यांच्याबद्दल बोलत राहतो. पण कुठूनही निघाला तरी प्रत्येक प्रकरणात एकदा तरी तो त्या भिंतीपाशी येतोच. पलीकडून भावाचा खोकला ऐकू येतो. रेडिओ ऐकू येतो. आपलं तिकडं लक्ष नसतं असं तो सांगतो आणि लगेच आज खोकला कोरडा होता हेही सांगतो.

मी या मोजणीदाराबद्दल एम.ए.ला निबंध लिहिला होता. समीक्षेत अशा माणसाला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. तो सांगतो एक आणि आपल्याला कळतं दुसरं. माझ्या निबंधात मी त्याला चांगलाच धारेवर धरला होता. हा माणूस वाचकाला फसवतो, स्वतःलाही फसवतो, आणि मापांच्या आड लपतो, असं काहीसं लिहिलं होतं. भाषणातही तेच सांगायचं ठरवलं होतं.

बाबांचा त्याच्यावर पहिल्याच संध्याकाळी विश्वास बसला.

"पाया किती घेतला म्हणाला?"

"अडीच फूट."

"बरोबर आहे. मधल्या भिंतीला तेवढा पुरतो."

बाबा कंपनीत इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून आलेला प्रत्येक भाग मायक्रोमीटरनं मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हेच त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. मोजणारा माणूस खोटं कसं बोलेल, असं त्यांना वाटत असावं. मी मध्ये थांबून म्हणायची, "बघा बाबा, हा इथं खोटं बोलतोय."

"कुठं बोलला? एक वाक्य दाखव."

मग मी दाखवलं. भाऊ वारतो ते तो सरळ सांगतच नाही. बाजारपेठेतल्या रस्त्याची मोजणी एक दिवस थांबवावी लागली असं सांगतो, कारण शेजारून प्रेतयात्रा निघाली होती. भावाच्या घराला तो 'शेजार' म्हणतो. तिथं तो म्हणतो की आपण खांदा द्यायला पुढं होतो. आणि चाळीसएक पानांनंतर, गच्चीच्या कठड्याची उंची सांगताना, त्याच दिवशी आपण त्या गच्चीवरून गर्दी पाहत होतो असं बोलून जातो.

"विसरला असेल," बाबा म्हणाले.

"सख्ख्या भावाची प्रेतयात्रा कोण विसरतं?"

त्यांनी खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाले, "थेंबांची वेळ झाली."

पण भाऊ वारल्याचं ते पान येण्याच्या आधी एक संध्याकाळ झाली, ती सांगायची राहिली. त्या प्रकरणात मोजणीदार मोजणीच्या साखळीबद्दल सांगतो. उन्हाळ्यात लोखंड तापून साखळी कशी किंचित लांबते, त्यामुळे जुन्या नकाशांत कशा चुका राहिल्या. प्रकरण संपलं आणि मी पुस्तक मिटलं. बाबा म्हणाले, "मागचं एक पान परत वाच. काहीतरी गाळलंस तू."

"काही गाळलं नाही."

"खोकला नाही आला आज."

त्या प्रकरणात खोकला नाहीच. पुस्तकातला हा सगळ्यात अवघड क्षण आहे आणि लेखकानं तो न लिहून लिहिला आहे. मी दरवर्षी वर्गात तो फळ्यावर मुद्दा म्हणून लिहीत आले होते. बाबांना तो मुद्दा नव्हता. मीच वाचायला चुकले अशी त्यांची खात्री होती. लेखकानंच तिथं खोकला लिहिलेला नाही, असं मी सांगितल्यावर त्यांनी काळा चष्मा काढला, डोळ्यांना हात लावायचा नाही हे आठवून पुन्हा घातला, आणि म्हणाले, "मग गेला तो."

त्या दिवशी मला पहिल्यांदा काका आठवले.

आमचे ते नात्यातले काका नव्हेत. बाबांचे कंपनीतले मित्र. बाबा साताऱ्याकडून आलेले, काका भोसरी गावठाणातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी. काका लेथवर होते आणि त्यांनी केलेलं काम बाबांच्या टेबलावर तपासायला यायचं. बाबा ते कधीकधी नापास करायचे आणि मग सुटीनंतर दोघं एकाच स्कूटरवर घरी यायचे. बाबांना सोडायला काका भोसरी ओलांडून मुद्दाम दिघीपर्यंत यायचे. स्कूटर काकांची. दिघीला तेव्हा लष्कराच्या तारेच्या कुंपणापलीकडं मोकळं माळरान होतं, आणि स्कूटरचा आवाज आमच्या घरात फार लांबून ऐकू यायचा. आई तो ऐकून चहाला दोन कप पाणी जास्त ठेवायची.

काका आले की घर भरल्यासारखं वाटायचं. थंडीत ते शेतातल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणायचे, पिशवीला माती लागलेली असायची. बाबांना ते 'राव' म्हणायचे. "वहिनी, ह्या रावानं आज माझं अख्खं काम परत लावलं बगा. केसाएवढा फरक हुता," असं आईला सांगायचे आणि बाबा दारातल्या खाटेवर शेंगा सोलत म्हणायचे, "केसाएवढा नव्हता. दोन केसांएवढा होता." बाबांना मोठ्यानं हसताना मी फक्त त्या खाटेवर, त्या माणसाबरोबर पाहिलं आहे.

मग कंपनीत संप झाला. मी शाळेत होते, चौथी-पाचवीत. संपाचं मला एवढंच आठवतं की बाबा आधी काही दिवस घरी होते आणि मग पुन्हा जायला लागले. स्कूटरचा आवाज मात्र येईनासा झाला. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, काकांनी नोकरी सोडली, स्वतःचं वर्कशॉप काढलं, आता त्यांना वेळ नसतो. आम्ही तेच धरून चाललो. वर्कशॉप खरंच होतं. भोसरीत त्यांच्याच जागेवर पत्र्याची शेड होती, बसमधून जाताना मला तिची पाटी दिसायची. पुढं कधीतरी, माझं लग्न ठरलं तेव्हा, पत्रिकांची यादी करताना मी काकांचं नाव काढलं. बाबा म्हणाले, "कशाला त्यांना त्रास." ते बाहेर गेल्यावर आईनं मला खरं काय ते सांगितलं. संप चालू असतानाच बाबांना कामगारांतून स्टाफमध्ये घेतलं होतं. स्टाफसाठी कंपनी बस पाठवायची आणि बाबा तिच्यातून आत गेले. काका संपवाल्यांबरोबर गेटवर होते. संप मोडल्यावर ज्यांना कामावरून काढलं त्यांत काका होते. आईनं हे सांगितलं आणि म्हणाली, "त्यांच्यापुढं काढू नकोस." मी काढलं नाही. काकांना पत्रिका गेली नाही.

वाचक मंडळाचा कार्यक्रम रविवारी सकाळी होता, भोसरीत एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर. बाबा म्हणाले, मीही येतो. पुस्तक त्यांनी सगळं ऐकलं होतं, त्यामुळे नाही म्हणायला कारणही नव्हतं. ते काळा चष्मा लावून मागच्या रांगेत बसले. तीसेक माणसं होती, माझ्या प्रतीची झेरॉक्स वाचून आलेली. निवृत्त कामगार, दोन-तीन शिक्षक, एक वर्कशॉपवाले, आणि चाकणच्या कंपनीत लाइनवर काम करणारी एक मुलगी. ती रात्रपाळी करून थेट आली होती, पायाशी डब्याची पिशवी ठेवून.

मी ठरवलेलं भाषण केलं. निवेदक काय सांगतो, काय लपवतो, लेखक त्याच्या पाठीमागून आपल्याला खुणा कशा करतो. मोजणीदाराच्या वाक्यांकडे बघा, असंही म्हणाले. त्याच्या वाक्यांत 'मी' किती कमी येतो. भिंत घातली गेली. वाटणी झाली. बोलणं राहिलं. मराठीत अशी क्रियापदं हवी तेवढी मिळतात, ज्यांत काम होतं पण करणारा कुणी नसतो. लेखकानं भाषेची ही सोय बरोबर हेरली आहे. लोकांनी माना डोलावल्या.

चर्चा सुरू झाली तशी ती चाकणची मुलगी उठली. मराठवाड्याकडचं बोलणं होतं तिचं. "मॅडम, मला त्या माणसाचा राग आला. भाऊ पल्याड खोकायलाय ते याला रोज ऐकू यायलंय. मग उठून जायला काय झालं होतं याला? भिंतीला नसंल दार, पण रस्त्याकडून तर होतं की."

"जाता येत नाही," मागून आवाज आला.

सगळे वळले. बाबा बसल्या जागेवरून बोलले होते. "तसं उठून जाता येत नाही. काय म्हणून आलो, म्हणून सांगायचं?"

अध्यक्ष म्हणाले, "उभे राहून बोला ना. ऐकू येऊ दे सगळ्यांना."

मला वाटलं, नको म्हणतील. पण ते पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. आयुष्यात त्यांनी सभेत बोललेलं मी पाहिलं नव्हतं.

"आमच्या कंपनीत एकदा संप झाला," ते म्हणाले. "मी स्टाफमध्ये होतो. स्टाफला संप नसतो. बस यायची. दिघीच्या कोपऱ्यावर थांबायची. बसनं जाणं व्हायचं. गेटवर आमचा एक मित्र उभा असायचा. पुढं त्यानं नोकरी सोडली, वर्कशॉप काढलं. चांगलं चाललं त्याचं. भांडण एका शब्दानं झालं नाही आमचं. फक्त येणं-जाणं राहिलं. त्यामुळे या पुस्तकातला माणूस खोटं बोलतो असं मला वाटत नाही. भांडण नसेलही झालेलं."

माझ्या हातात पुस्तक होतं आणि त्यातल्या खुणा केलेल्या सगळ्या वाक्यांची क्रियापदं मी आत्ताच माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकली होती. बस यायची. जाणं व्हायचं. येणं-जाणं राहिलं. टेबलामागं उभी राहून मी पुस्तक उगाच बंद केलं, उघडलं.

पहिल्या रांगेत टोपी घातलेले एक म्हातारे बसले होते. मागं न वळताच ते म्हणाले, "सोडली न्हाई त्यानं. काढलं त्याला."

बाबा उभेच होते.

"आमा समद्यांलाच काढलं. म्या बी त्यातलाच," म्हातारे म्हणाले. आवाजात राग नव्हता. चुकलेलं नाव दुरुस्त करावं तसं बोलले.

"असेल," बाबा म्हणाले.

"असंल न्हवं. तसंच हाय ते."

बाबा खाली बसले. अध्यक्षांनी चहा झाल्यावर पुढं बोलू असं सांगितलं. चहाच्या गडबडीत मी मागं जाईपर्यंत ते टोपीवाले आजोबा दोन कप घेऊन बाबांपाशी पोचले होते. एक कप त्यांच्या हातात देत म्हणाले, "त्यो घरीच असतोय हल्ली. गुडघं गेल्यात. पार्किंगमधी खुर्ची टाकून बसतोय दिसभर."

"बरं," बाबा म्हणाले.

"जाऊन ये."

"बघू."

घरी येताना रिक्षात बाबा बाहेर बघत बसले. नाशिक फाट्याशी आल्यावर पूल केवढा मोठा झालाय एवढंच म्हणाले. मलाही काही विचारता आलं नाही. आईनं सांगितलेलं मी इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि आता ते भर सभेत निघालं होतं, तरीही ते आमच्या दोघांच्यात निघालेलं नव्हतं.

पंधराएक दिवसांनी डोळ्यांचा नंबर निघाला आणि बाबांना नवा चष्मा मिळाला. दोन दिवस त्यांनी अधाशासारखे पेपर वाचून काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चष्मा जरा सैल वाटतोय. भोसरीला एक चष्म्याचं दुकान चांगलं आहे म्हणतात."

आमच्या गल्लीत चष्म्याची दोन दुकानं आहेत. त्यातल्या एकातून तो चष्मा आणला होता.

"हो, चांगलं आहे ते," मी म्हटलं आणि गाडीची किल्ली घेतली.

भोसरीला गेल्यावर दुकानाचं नाव कुणीच काढलं नाही. गावठाणाच्या अलीकडं गाडी लावली आणि बाबा पुढं चालायला लागले. रस्ता त्यांना आठवत होता, पण घर आठवत नव्हतं, कारण ते घर आता नव्हतं. मी लहानपणी पाहिलेल्या पुढं ओसरी आणि मागं गोठा असलेल्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी होती. वर सगळ्या भाड्याच्या खोल्या, दोऱ्यांवर कंपनीचे युनिफॉर्म वाळत घातलेले. खाली पार्किंगमध्ये मोटरसायकलींच्या रांगेशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत काका बसले होते. मी त्यांना आवाजावरूनच ओळखलं असतं. एरवी ओळखलं नसतं.

"कोन हाय?"

"मी."

"मी कोन?"

बाबा अडखळले. मग म्हणाले, "दिघीचा."

काकांनी बराच वेळ बघितलं. "आलास व्हय," ते म्हणाले. "बस." वरच्या मजल्याकडं तोंड करून त्यांनी चहा सांगितला, आणि माझ्याकडं बघून, "ही ल्हानगी का थोरली?" असं विचारलं. आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, असं बाबांनी सांगितलं.

मग ते दोघं बोलायला लागले. गुडघ्यांबद्दल, डोळ्यांबद्दल. बोअरचं पाणी किती खाली गेलं त्याबद्दल. वर्कशॉप आता मुलगा बघतो, कॉम्प्युटरवरची मशीनं घेतली आहेत, मला त्यातलं काही कळत नाही, असं काका म्हणाले. मधूनमधून एखादा भाडेकरू पोरगा पाळीवरून यायचा, काकांना हात करायचा, जिन्यानं वर जायचा. काकी चहा घेऊन आल्या, त्यांनी मला जवळ घेतलं, आई गेल्याचं कळलं होतं म्हणाल्या. बाबांना नाही, मला म्हणाल्या.

काकी वर गेल्या. काका बशीतला चहा फुंकत म्हणाले, "तवा बसच्या खिडकीचा पडदा वढलावतास तू."

आधी कशाचा विषय नव्हता आणि कसलीही तयारी नव्हती. बाबांनी कप खाली ठेवला.

"ऊन लागत होतं," ते म्हणाले.

"पयली पाळी हुती राव. थंडीचं दिस. कसलं ऊन?"

मी तिथं नसते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. उठून जावं तर तेही दिसलं असतं. एका पोरानं मोटरसायकल सुरू केली, ती आमच्यासमोरून रस्त्याला लागली. बाबा नव्या चष्म्याची काडी कानामागं चाचपत होते.

"ऊन नव्हतं," बाबा म्हणाले.

"म्हाईत हाय मला." काका बशी तोंडाला लावून थांबले. "म्या बी तकडंच बगत हुतो म्हनून तर दिसलं. रोजच बगायचो. तुजी बस कंची ते म्हाईत हुतं."

बाबा मान खाली घालून बसले होते. त्यांचे डोळे भरले होते की ऑपरेशनमुळे पाणी येत होतं, मला सांगता येणार नाही. मीही त्यांच्याकडं नीट बघितलं नाही. काका म्हणाले, "चा घे. गार व्हतोय." आणि बाबांनी घेतला.

माफी हा शब्द त्या पार्किंगमध्ये कुणी काढला नाही. निघताना काका बसूनच म्हणाले, "येत जा. मला काय हितंच बसायचं असतंय." घरी परतल्यावर बाबांनी माझ्या मुलीला सांगितलं की भोसरीला जाऊन आलो, काका भेटले, तब्येत व्यवस्थित आहे.

त्यानंतर बाबा दिघीला परत गेले आणि आठवड्यातून एकदा तरी भोसरीला जायला लागले, बसनं किंवा शेअर रिक्षानं. मला ते फोनवर कळायचं. कधी काकांच्या गुडघ्याला लावायचं तेल कुठल्या दुकानात मिळतं ते विचारायचे, कधी भुईमुगाच्या शेंगा घेऊन जा म्हणून बोलवायचे. शेंगा आता बाजारच्या असायच्या, काकांचं शेत कधीच इमारतींखाली गेलं होतं, पण शेंगा दोघं मिळून निवडून आणत.

मी माझ्या भाषणाचा लेख करायला घेतला आणि अडकले. मोजणीदार वाचकाला फसवतो, हे वाक्य मला आता लिहिता येईना. तो अविश्वसनीय आहे, हे मी आजही म्हणते. गच्चीवर उभा असलेला माणूस खांदा दिल्याचं सांगत असेल तर त्याला दुसरं काय म्हणणार? पण तेवढं म्हणून त्याला तसंच सोडून देणाऱ्या वाचकाबद्दल मी आधी कधी विचार केला नव्हता. मोजणीदार हे सगळं कुणाला सांगतो आहे, हा प्रश्न माझ्या जुन्या निबंधात नव्हताच. पुस्तक पुन्हा चाळलं तेव्हा लक्षात आलं की तो अनोळखी माणसांना सांगतो आहे, ज्यांना ते गाव माहीत नाही, ती भिंत माहीत नाही. कसलं ऊन, असं विचारू शकणारा एकच माणूस होता आणि तो खोकायचा थांबला. त्यानंतर मोजणीदाराला कुणी टोकणारं उरलंच नाही. लेखात मी एवढंच लिहिलं, माझ्या वडिलांचा उल्लेख न करता. एका दिवाळी अंकात तो छापून आला. बाबांनी तो नव्या चष्म्यानं पूर्ण वाचला आणि म्हणाले, "मोजणीच्या साखळीचं लिहिलंस ते बरोबर आहे."

पुढच्या वर्षी एका रविवारी मी दोघांना जेवायला बोलावलं. काका रिक्षानं आले, दोन्ही बाजूंनी आधार देऊन लिफ्टपर्यंत आणावं लागलं. माझी मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. चाकणच्या एका कंपनीत तिचं ट्रेनिंग सुरू होतं, त्यामुळे तिला कारखान्याच्या गोष्टींत रस होता. जेवताना तिनं विचारलं, "आजोबा, तुमच्या कंपनीत संप झाला होता ना? त्यात यांची नोकरी गेली का?"

हे तिला माझ्याकडूनच कळलं होतं. माझा हात भाताच्या पातेल्यावर थांबला.

"नाही," बाबा म्हणाले. "त्यानं सोडली. वर्कशॉप काढायचं होतं त्याला."

इतक्या सहज म्हणाले. सभा, टोपीवाले आजोबा, ते पार्किंग, यातलं काही घडलंच नसावं तसं. मी काकांकडं बघितलं. आता ते दुरुस्त करतील असं मला वाटलं.

काका भाकरीचा तुकडा मोडत होते. "व्हय," ते माझ्या मुलीला म्हणाले, "म्याच सोडली. कटाळा आलावता. हे तुजं आजोबा माझं रोजचं काम नापास करायचं." मग मला म्हणाले, "वांग्याची भाजी वाढ गं जरा."

बाबा ताटाकडं बघत हसले. हळूहळू ते हसणं वाढत गेलं आणि त्यांना ठसका लागला. दिघीच्या खाटेवरचं हसणं मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. काकांनी हात लांब करून त्यांच्या पाठीत थापटलं. माझ्या मुलीला काय झालं ते कळलं नाही, पण तीही हसायला लागली. मी भाजी वाढली.

ट्रेनिंग संपेपर्यंत ती बरेचदा त्या दोघांजवळ जाऊन बसायची आणि कारखान्यातल्या जुन्या गोष्टी विचारायची. एकच गोष्ट दोघं वेगवेगळी सांगायचे. काका रंगवायचे, बाबा आखडून घ्यायचे. ती म्हणायची, आई, यांच्यातलं खरं कुणाचं धरायचं? मी म्हणायची, दोघं समोर असतील तेव्हा ऐक, एकेकट्याचं ऐकू नकोस.

आता काका भोसरीत नाहीत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, जिन्याचा त्रास नको म्हणून त्यांची मुलगी त्यांना आणि काकींना चाकणच्या पुढं, तिच्या गावी घेऊन गेली. तिथं अंगण आहे आणि थोडी शेतीही अजून राहिली आहे. बाबांना आता एकट्यानं तिकडं जाणं झेपत नाही. दिघीचं घर बंद करून ते पुन्हा आमच्याकडे आले आहेत. संध्याकाळी ते गॅलरीत बसून काकांना फोन लावतात आणि स्पीकर सुरू करून मांडीवर ठेवतात. पाच मिनिटं गुडघे, डोळे, पाऊस, कोण वारलं याचं बोलणं होतं. नंतर दोघांकडंही सांगायला काही उरत नाही. पण फोन कुणी बंद करत नाही. तिकडून गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येते, काकींचा कुकर शिट्टी देतो, कुणीतरी कुणाला हाक मारतं. बाबा पेपर उघडून वाचत बसतात. मध्येच काका विचारतात, "हायस का?" आणि बाबा पान उलटत म्हणतात, "आहे."